तीन दिवस रडू द्या म्हणणाऱ्यांना

"तीन दिवस रडेल, चौथ्या दिवशी गप्प होईल." कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवलेलं असतं. मला ते आधी एका ट्रेनरने सांगितलं, मग सोसायटीतल्या जाणत्या मंडळींनी, मग माझ्या सख्ख्या काकांनी. सगळ्यांचा सूर एकच. दार लावा, निघून जा, मागे वळून बघू नका, सवय होते. मी तसं केलं. चार दिवस केलं. त्या चार दिवसांत काय झालं ते आधी सांगते. मग हे वाक्य नुसतं चूक नाही, अपायकारक आहे, असं मी का म्हणते ते सांगते.

बुंदी आमच्याकडे आली तेव्हा दीडेक वर्षाची होती. गावठी, तांबूस रंगाची, कानाला नसबंदीची खूण. कुणीतरी पिल्लू असताना हौसेने पाळली आणि बदली झाल्यावर गेटबाहेर सोडून दिली, असं वॉचमनकडून कळलं. घरात आल्यापासून ती माझ्या पायापायात असायची. कणीक मळताना ओट्याखाली, आंघोळीला गेले की बाथरूमच्या दाराशी. मी शाळेत गणित शिकवते, नवऱ्याची कंपनी चाकणला. त्यामुळे सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच घरात कुणी नसतं. सल्ल्याप्रमाणे आम्ही दार लावून निघालो.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्या वहिनींचा फोन आला, की कुत्री हेल काढून रडतेय, वरच्या मजल्यावरचे आजोबा नुकतेच दवाखान्यातून आलेत आणि त्यांच्या घरच्यांना ते अशुभ वाटतंय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं तेव्हा दार पूर्ण उघडेना, कारण पायपुसणं दाराखाली गोळा होऊन अडकलं होतं. ते ओढून काढलं तर त्याला रक्त लागलेलं. बुंदीच्या पुढच्या उजव्या पायाचं एक नख मुळापासून उपटलं होतं. चौकटीचं लॅमिनेट माझ्या मांडीच्या उंचीपर्यंत सोललेलं आणि खालचा प्लायवूड कुरतडलेला. तिच्या हनुवटीपासून छातीपर्यंतचे केस लाळेने चिकट झाले होते. निघताना तिच्यासमोर ठेवलेला तूप-पोळीचा कुस्करा तसाच होता. मी आत पाऊल टाकलं, तिने माझ्या पायाला अंग घासलं आणि त्यानंतर तो खाल्ला.

चौथ्या दिवशी शेजारून फोन आला नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये मला शाबासकीही मिळाली, "बघा, शिकली की नाही!" त्या दिवशी मी जुना मोबाइल चपलांच्या स्टँडवर टेकवून चित्रण चालू ठेवलं होतं. रात्री ते पाहिलं. बुंदी दाराकडे तोंड करून उभी होती. भुंकत नव्हती, रडत नव्हती. जीभ बाहेर, मागचे पाय थरथरतायत, अधूनमधून जांभया, आणि फरशीवर लाळेचं थारोळं. मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन तास, ती आडवी झाली नाही.

गप्प होती, हे खरं. शिकली होती का?

एकोणीस वर्षं वर्ग घेतल्यावर मला एवढं नक्की कळतं, की गप्प बसलेल्या मुलाला गणित आलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा त्याने विचारणं सोडून दिलेलं असतं. कुत्र्यांच्या बाबतीत हा फरक फार वर्षांपूर्वी, फार निर्दय पद्धतीने तपासला गेला आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून धक्का थांबवता येत होता, काहींना काहीही केलं तरी थांबवता येत नव्हता. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका. ज्यांनी आधी धक्का थांबवला होता ती उडी मारून पलीकडे गेली. ज्यांच्या हाती आधी काहीच नव्हतं, त्यांतली बहुतेक थोडी धडपड करून एका जागी बसून राहिली, विव्हळत, धक्के सोसत. दार उघडं असल्यासारखंच होतं, पण ती उठली नाहीत. पुढे त्यांना पट्ट्याने पुन्हापुन्हा पलीकडे ओढून न्यावं लागलं, तेव्हा कुठे ती स्वतःहून उडी मारू लागली.

एकटेपणा आणि विजेचा धक्का एकच, असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा गप्प बसण्याचा अर्थ काय, एवढ्यापुरताच आहे. त्या दोघा शास्त्रज्ञांनी पन्नासेक वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे स्वतःचीच मांडणी दुरुस्त केली. कुत्री हतबलता शिकतात असं ते आधी म्हणत होते. आता ते म्हणाले, की लांबलेल्या त्रासापुढे निपचित होणं हे शिकावं लागत नाही, ती शरीराची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते उलटं, म्हणजे परिस्थिती आपल्या आवाक्यात आहे हे. म्हणजे "चौथ्या दिवशी गप्प" यात ज्याला शिक्षण म्हटलं जातं, त्यात शिकण्याचा भागच नाही. जे शिकायला हवं होतं ते राहूनच गेलं आहे.

यावर लगेच उत्तर येतं, "अहो, आमच्या कुत्र्याचं झालं की असंच. तीन दिवस ओरडला, मग झोपायला लागला." यावर माझा विश्वास आहे. दोन महिन्यांचं धट्टंकट्टं पिल्लू खेळ मोडला म्हणून, सोबत हवी म्हणून कुरकुरतं, दहा-पंधरा मिनिटांत दमतं आणि झोपतं. ते खरंच झोपतं, कूस बदलतं, उठून पाणी पितं. ती नाराजी आहे. बुंदीची ती घबराट होती. दोन्हींचा आवाज भिंतीपलीकडून सारखाच येतो, म्हणून पलीकडे बसून कुणी निकाल देऊ नये. फरक बघायला कॅमेरा लागतो, आणि जुना मोबाइल आता घरोघरी पडलेला असतो. घाबरलेलं कुत्रं बहुतेकदा आपण निघाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच सगळं दाखवतं. धापा, येरझाऱ्या, लाळ, दार किंवा खिडकी खरवडणं, आणि आवडीचं खाणं समोर असून तोंड न लावणं. कंटाळलेलं कुत्रं आधी झोप काढतं आणि मग उशी फाडतं. ज्याला नुसतीच शू आवरत नाही त्याची आधी लघवी तपासून घ्यावी. जे फक्त फटाक्यांच्या दिवसांत दार खरवडतं त्याचं दुखणं निराळं. हे न बघता सगळ्यांना एकच "तीन दिवस" लागू करणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळी देण्यासारखं आहे.

आता लाडांबद्दल. "तुम्ही डोक्यावर चढवून ठेवलीय" हे मी इतक्या वेळा ऐकलं, की काही दिवस मला ते खरंही वाटलं. मी तिला पलंगावरून उतरवलं, हाताने भरवणं बंद केलं. तिच्या रडण्यात काडीचा फरक पडला नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं. २००१ मध्ये फ्लॅनिगन आणि डॉडमन या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी हाच प्रश्न शेकडो कुत्र्यांच्या नोंदींवरून तपासला. मालकाला अति चिकटून असणं आणि एकटं राहण्याची भीती यांचा संबंध त्यांना दिसला. एकट्याच माणसाच्या घरातल्या कुत्र्यांना हा त्रास जास्त असल्याचंही दिसलं. लाड करणं आणि ही भीती यांचा मात्र संबंध दिसला नाही. घरात दुसरा प्राणी असण्या-नसण्यानेही फरक पडलेला दिसला नाही, म्हणून "सोबतीला आणखी एक आणा" हा सल्लाही जपून घ्यावा. बुंदीला सोबत हवी होती ती माणसाची. दुसरं कुत्रं आणलं असतं तर कदाचित दोन कुत्री रडली असती.

"तिला कळतं हो काय केलंय ते. तोंड बघा कसं चोरासारखं केलंय." दाराची चौकट सोलणारं कुत्रं सूड उगवतं आणि मग ओशाळतं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मालक घरी येतो, नासधूस बघतो, आवाज चढवतो. कुत्रं कान पाडतं, नजर चुकवतं, शेपूट पायांत घालतं. मालक म्हणतो, बघा, कबुली दिली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याची साधीशी परीक्षा घेतली. मालकाने "खायचं नाही" म्हणून खाऊ ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. कुत्र्याने तो खाल्ला की नाही याबद्दल मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सगळ्यात अपराधी दिसले. म्हणजे दारात आपण ज्याला कबुली समजतो, ती आपल्याच आवाजाची भीती असते. ज्या प्राण्याला आधीच मालकाच्या जाण्याची भीती आहे, त्याला आपण येण्याचीही भीती घालतो. भुंकलं की झटका देणारे पट्टे बाजारात मिळतात, तेही याच जातीचे. शेजाऱ्यांना ऐकू येणारा भाग तेवढा ते बंद करतात.

माझे काका वेगळ्या वाटेने आले. त्यांचा युक्तिवाद मला सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. "आपल्या मोतीला कधी झाली होती का गं अँक्झायटी? शिळी भाकरी खायचा आणि राखेत झोपायचा. ही सगळी फ्लॅटमधली थेरं."

मोती मलाही आठवतो. वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी तो ओसरीवर असायचा. पहाटे आजोबांबरोबर गोठ्यात, मग गुरांमागे शिवारात, दुपारी आजीच्या सुपाजवळ, संध्याकाळी पारावर इतर कुत्र्यांबरोबर. रात्री चुलीतली ऊब गेली नसेल तर राखेत, नाहीतर उंबऱ्याला पाठ लावून. त्या घरात नऊ माणसं होती. एक कुणीतरी कायम घरात असायचं आणि ते नसलं तरी शेजारची काकू अंगणात असायचीच. मी काकांना विचारलं, "त्या घराला कुलूप लावलेलं तुम्हाला आठवतं का?" त्यांना आठवेना. मलाही आठवत नाही. धनगराचं कुत्रं घ्या. ते वर्षभर रानोमाळ हिंडतं, कळप आणि माणूस त्याच्या नजरेआड होत नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही गल्ली असते, टपरीवाला असतो, आणि नको वाटलं तर उठून जायची मोकळीक असते.

मोती एकटं राहायला शिकलेला नव्हता. त्याच्यावर ती वेळच आली नाही. साडेसहाशे चौरस फुटांत, बंद दारामागे, सहा-सात तास, एकाही जिवंत प्राण्याचा वास नाही, ही परिस्थिती आपल्या कुत्र्यांच्या वाट्याला अगदी अलीकडे आली आणि ती आपण आणली. करोनाच्या काळात ती आणखी विचित्र झाली. मार्च २०२० मध्ये घरं भरली, घरात करमेना म्हणून कितीतरी कुटुंबांनी पिल्लं आणली, ती चोवीस तास माणसांत वाढली, आणि मग ऑफिसं सुरू झाल्यावर एका सोमवारी घर रिकामं झालं. त्या कुत्र्याला सोमवार म्हणजे काय ते कुणी सांगितलं होतं? काका म्हणतात तसं हे फ्लॅटचंच दुखणं आहे, एवढं मी कबूल करते. पण ते फ्लॅटचं असेल तर त्यावरचं उत्तरही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीच शोधायला हवं.

ते उत्तर शंभर वर्षांपासून माहीत आहे. १९२४ या एकाच वर्षातल्या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवते. त्या वर्षी सप्टेंबरात लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला पूर आला. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत गेलं, कुत्री पिंजऱ्याच्या छताला नाक लावून पोहत राहिली, आणि पिंजऱ्यांची दारं खाली असल्यामुळे वाचवणाऱ्यांना त्यांना आधी पाण्याखाली दाबून मगच बाहेर ओढावं लागलं. वाचलेल्या कुत्र्यांपैकी काहींचं महिनोन्‌महिने शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. त्यातल्या एकाची घडी पुन्हा बसवल्यावर पाव्हलॉव्हच्या माणसांनी खोलीच्या दाराखालून पाण्याची नुसती एक धार आत सोडली. तेवढ्याने तो कुत्रा पुन्हा कोसळला. भीतीत एकदा पुरतं बुडवून काढलेल्या प्राण्याला पाण्याची सवय होत नाही, त्याला मग एक ओहोळही पुरतो. बुंदीला चौथ्या दिवसानंतर असाच ओहोळ पुरू लागला. मी वेणी घालायला आरशासमोर उभी राहिले की ती थरथरायची.

त्याच १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी एका लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर, वय तीन वर्षांच्या आत, सशाला घाबरणारा. त्यांनी त्याला सशाबरोबर कोंडलं नाही. पीटर उंच खुर्चीवर बसून खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणला, त्याचं खाणं थांबणार नाही इतक्या अंतरावर. मग हळूहळू थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात हीच वाट पद्धतशीर मांडली. आज माणसांची विमानाची, उंचीची, कोळ्याची भीती याच वाटेने घालवतात. उंचीला घाबरणाऱ्या माणसाला कुणी तीन दिवस गच्चीच्या कठड्यावर बसवून ठेवत नाही. कुत्र्याला मात्र ठेवतात आणि त्याला शिस्त म्हणतात.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण "एवढा वेळ कुणाला आहे" या प्रश्नाचं उत्तर त्याशिवाय देता येणार नाही.

पहिली गोष्ट सगळ्यात अवघड होती. बुंदीला सोसेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. एक सेकंद सोसत असेल तर एकच सेकंद. कारण सकाळी मी पायरी पायरीने शिकवणार आणि दुपारी सहा तास पुरात लोटणार, याला काही अर्थ नाही. माझ्याकडे मे महिन्याची सुट्टी होती. ती सगळ्यांकडे नसते, हे मी जाणून आहे. जूनपासून तळमजल्यावरच्या आजींनी बुंदीला दुपारभर सांभाळलं. त्यांना गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही, त्यांनाही कुणीतरी हवंच होतं. गुरुवारी आजींकडे फिजिओथेरपीवाले यायचे, तर त्या दिवशी पुतण्या आमच्याकडे अभ्यासाला यायचा. काही दिवस पैसे देऊन माणूस ठेवला. सोसायटीत नुसत्या तक्रारी करणारे असतात, हे मी आधी समजत होते. विचारलं तर मदत करणारेही निघाले.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. त्याला रोज वीस मिनिटं लागतात, जास्त नाही. आठवडाभर मी फक्त स्कूटीची किल्ली उचलायचे आणि सोफ्यावर बसून पेपर तपासायचे. चपला घालायच्या आणि कुकर लावायचा. पर्स खांद्याला अडकवून कपडे वाळत घालायचे. या वस्तूंचा आणि जाण्याचा जो संबंध तिच्या मनात जुळला होता, तो सुटेपर्यंत. मग लॅच फिरवायचं आणि परत जागेवर. मग दार उघडायचं, बाहेर न जाता बंद करायचं. मग बाहेर एक पाऊल, दार लोटायचं आणि लगेच आत. ती उठली नाही, कान टवकारले नाहीत, तर पुढची पायरी. उठली, तर माझं गणित चुकलं, एक पायरी मागे. शाळेत हातच्याची वजाबाकी कळली नाही तर आपण साध्या वजाबाकीकडे परत जातो, मुलाला आणखी अवघड उदाहरण देत नाही.

मी वही ठेवली होती. त्यातले आकडे सरळ चढत गेलेले नाहीत. चार सेकंद, नऊ, तीन, पंधरा, सहा, वीस. हे मुद्दाम, कारण दर वेळी वेळ वाढतच जातो हे कुत्र्याच्या लक्षात आलं की ते पुढच्या खेपेला आधीच धास्तावतं. पाचव्या आठवड्यात चाळीस सेकंदांवर अडलो. कारण कळेना. मग चित्रण आवाजासह पाहिलं तेव्हा उमगलं, लिफ्टचा दरवाजा. मी दाराबाहेर उभी असेपर्यंत ती पडून असायची, लिफ्ट वाजली की उठायची. मग आठवडाभर नुसती लिफ्ट बोलवायची आणि घरात परत यायचं. जुलैत एकदा गॅस सिलिंडरसाठी खाली गेले आणि पंधरा मिनिटं अडकले. त्या पंधरा मिनिटांनी दोन आठवड्यांचं काम वाया गेलं. मला त्या दिवशी रडू आलं होतं. अर्ध्या तासाचा टप्पा दिवाळीच्या आधी आला आणि त्यानंतर मात्र वेग वाढला.

यात औषधाचाही वाटा होता, आणि तो मी लपवणार नाही, कारण त्यावरून मला बरंच ऐकावं लागलं. "कुत्रीला डिप्रेशनच्या गोळ्या? गुंगीत ठेवताय तिला?" गुंगीत ठेवणारी औषधं असतात, पूर्वी सर्रास दिली जायची. त्यांनी शरीर लुळं पडतं आणि भीती आत तशीच राहते. डॉक्टरांनी बुंदीला दिलं ते तसलं नव्हतं. कुत्र्यांच्या एकटेपणाच्या भीतीसाठी क्लोमिप्रामिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली. दोन्हींची मान्यता वर्तणुकीच्या शिकवणीसोबत द्यायचं औषध म्हणून आहे, शिकवणीऐवजी नाही. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. डॉक्टरांनी तपासूनच, मापानेच द्यायचं. माणसांच्या डब्यातली गोळी तोडून द्यायची नाही. बुंदी त्या काळात झोपाळू झाली नाही. उलट ती पहिल्यांदा खेळू लागली. जिना चढताना दम लागणाऱ्या माणसाच्या हाती कठडा यावा, तसं ते औषध होतं. पायऱ्या तिनेच चढल्या.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. वरच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप मोडत होती आणि तो त्रास खरा होता. कुत्र्याचं भुंकणं नैसर्गिक आहे एवढं म्हणून पाळणाऱ्याने हात झटकू नयेत. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतीही सोसायटी, बहुमत असलं तरी, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही. त्याच सूचना पाळणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सततच्या भुंकण्याचा उपद्रव होऊ देऊ नये असंही सांगतात. कुत्रेवाले यातलं पहिलं वाक्य ग्रुपवर टाकतात आणि तक्रारवाले दुसरं. "बाल्कनीत बांधून ठेवा, नाहीतर पिंजऱ्यात ठेवा" असं सुचवणाऱ्यांनी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही वाचावा. त्याचं अकरावं कलम कुत्र्याला कायम साखळीला किंवा कोंडून ठेवून पुरेसं फिरवत नसलेल्या मालकाला गुन्हेगार मानतं. आणि घाबरलेलं कुत्रं पिंजऱ्यात सुरक्षित राहतं हेही खरं नाही. दाराला खरवडायला लाकूड असतं, पिंजऱ्याला गज असतात. गजांवर दात तुटतात.

मला राग त्या ट्रेनरचा येतो, शेजाऱ्यांचा नाही. शेजारी ऐकीव सांगतात. जो पैसे घेऊन सल्ला देतो, त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं, "ती एकटी असताना काय करते, बघितलंय का तुम्ही?" त्याने ते विचारलं असतं तर ते नख शाबूत राहिलं असतं आणि आम्हाला शून्याच्याही खालून सुरुवात करावी लागली नसती.

आज बुंदी पावणेतीन तास एकटी राहते. त्यापलीकडे आम्ही ताणत नाही. उरलेला वेळ ती आजींकडे असते, आणि ते बंद करावं असं आता आजींनाही वाटत नाही, मलाही नाही. चौकट अजून बदललेली नाही.

परवा बी विंगमधला एक मुलगा आला. नवीन नोकरी, एकटाच राहतो, चार महिन्यांचं कुत्रं. त्याच्या हातावर ओरखडे होते आणि डोळ्यांखाली काळं. "काकू, सगळे म्हणतात तीन दिवस रडू दे. आज दुसरा दिवस आहे," म्हणाला. मी आत जाऊन वही आणली आणि पहिलं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. त्यावर मे महिन्याची तारीख आहे आणि खाली एकच ओळ, "किल्ली उचलली. परत ठेवली. दहा वेळा. सातव्या वेळेनंतर बुंदीने मान खाली टेकवली."